हळदीनं कॅन्सर बरा होतो का? एका प्रश्नाचा परळमार्गे इतिहास



गेल्या महिन्यात एका शनिवारी घरी गेले होते. घर म्हणजे मोहने. कल्याणच्या पुढे शहाड, मग आंबिवली, तिथे उतरायचं आणि रिक्षा पकडायची. आमच्या शेजारच्या काकूंची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. आठांपैकी चार झाल्या होत्या. मी आलेय हे कळल्यावर त्या स्वतःच घरी आल्या. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कुठूनतरी मागवलेली कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटली.

"अगं, तू ह्यावरच शिकतेस ना? हे बघ, हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. अमेरिकेनंपण मान्य केलंय. मग उरलेल्या चार केमो नाही घेतल्या तर चालतील का?"

मी म्हटलं, "काकू, केमो थांबवू नका. आणि ही बाटली आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा."

"पण का? हळद तर आपण रोजच खातो."

खरं सांगते, त्या "का"चं उत्तर मला दोन वाक्यांत देता आलं नाही. वनस्पतींतल्या संयुगांचं शरीरात पुढे काय होतं हाच माझ्या पीएच.डी.चा विषय आहे, तरीही! कारण मोबाईलवरचं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. हळदीतल्या कर्क्युमिननं कॅन्सरच्या पेशी मरतात, हे शेकडो शोधनिबंधांत आहे. प्रश्न आहे तो *कुठल्या* पेशी आणि *कुठे*, हा.

आजची पोस्ट म्हणजे काकूंना द्यायला हवं होतं ते सविस्तर उत्तर. आणि तुमच्यापैकी जे नेट-पेटच्या तयारीत आहेत, गाईड शोधताहेत किंवा "नॅचरल प्रॉडक्ट्सवर काहीतरी करायचंय" असं म्हणताहेत, त्यांनी तर हा इतिहास जरूर वाचावा. संशोधनाचा प्रश्न कुठे निवडायचा आणि कुठे निवडायचा नाही, हे मला यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकातून कळलं नाही.

परळ : पेशी काचेत वाढू लागल्या

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजीची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर इतका का, धोतराच्या गाठीमुळे कमरेवर कॅन्सर का होतो, असे प्रश्न त्यांनी विचारले. म्हणजे आपल्या लोकांच्या सवयी आणि आपले आजार यांचा संबंध शोधला. १९५२ साली त्यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. पुढे त्याचं नाव कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं, आणि आज खारघरला जे ॲक्ट्रेक आहे ते त्याचंच पुढचं रूप.

खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये एका पुणेकर तरुणीनं मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून 'हेला' पेशी वाढवल्या गेल्या. परत आल्यावर रणदिवेबाईंनी परळला टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी ती एक.

इथून सुरुवात का केली? कारण शरीराबाहेर, काचेत पेशी वाढवता येणं ही फार मोठी सोय होती. त्याआधी एखादं संयुग तपासायचं तर थेट प्राण्यावर जावं लागायचं. आता एका प्लेटमध्ये डझनावारी संयुगं तपासता येऊ लागली. पण प्रत्येक सोयीची किंमत असते. काचेतल्या पेशीला जठर नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं. आपण टाकू ते सगळं तिच्या अंगावर पडतं. खाल्लेल्या घासाचं तसं होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

१९८६ : मिरची आणि हळद

हळदीतला पिवळा पदार्थ वेगळा काढण्याचं काम १८१५ सालचं, आणि त्याची रचना १९१० मध्ये कळली. कॅन्सरच्या बाजूनं त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलं गेलं ते मात्र १९८०च्या दशकात, आणि त्यात आपल्याकडची दोन ठिकाणं महत्त्वाची आहेत.

पहिलं केरळमधलं त्रिशूर. अमला कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रामदासन कुट्टन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली हळदीचा अर्क काचेतल्या पेशींवर आणि उंदरांमधल्या गाठींवर वापरून पाहिला. १९८७ मध्ये त्यांनी शरीराच्या बाहेरच्या भागावर कॅन्सरच्या जखमा असलेल्या ६२ रुग्णांना हळद-कर्क्युमिनचा लेप लावल्याचा अहवाल दिला. बहुतेकांच्या जखमेचा वास कमी झाला, बऱ्याच जणांची खाज कमी झाली, गाठ लहान झाली ती थोड्यांची. तुलनेसाठी लेप न लावलेला गट नव्हता. पण जखमेच्या वासामुळे घरचे लोकसुद्धा जवळ बसत नाहीत, अशा रुग्णासाठी वास कमी होणं ही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला "कॅन्सर बरा झाला" म्हणायचं नाही.

दुसरं ठिकाण आपलं परळ. कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एम. नागभूषण आणि डॉ. एस. व्ही. भिडे यांनी १९८६ मध्ये एक अगदी आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न घेतला. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि हळदीतलं कर्क्युमिन डीएनएत बिघाड करतात का? यासाठी साल्मोनेला जिवाणूंवरची एम्स चाचणी वापरली जाते. जिवाणूत बदल किती झाले ते वसाहती मोजून कळतं. कर्क्युमिननं बिघाड केला नाही, उलट मिरचीमुळे होणारा बिघाड कमी केला. १९९२ मध्ये याच गटातून उंदरांवरचं काम आलं. खाद्यात हळद घातलेल्या उंदरांना कॅन्सरकारक रसायन दिलं, तेव्हा त्यांच्या जठरात गाठी कमी झाल्या.

आता इथे जरा थांबा आणि प्रश्न नीट वाचा. परळच्या गटानं विचारलं होतं, "गाठ होण्याआधीपासून हळद दिली तर गाठी कमी होतात का?" हा प्रतिबंधाचा प्रश्न आहे. "झालेली गाठ हळदीनं जाते का?" हा उपचाराचा. दोन्ही पूर्णपणे वेगळे. शिवाय त्यांनी जठर निवडलं होतं. खाल्लेली हळद जठराच्या अस्तराला थेट लागते, रक्तात जावं लागत नाही. स्तन किंवा फुप्फुसाच्या गाठीचं तसं नाही. म्हणजे ते काम आपल्या मर्यादेत नीट होतं. गोंधळ झाला तो नंतर, जेव्हा इतरांनी प्रस्तावनेत एका ओळीत लिहायला सुरुवात केली की "हळद कॅन्सरविरोधी असल्याचं सिद्ध झालं आहे."

तुम्ही पण असं वाक्य लिहिणार आहात. सगळेच लिहितात. लिहिण्याआधी मूळ निबंध उघडून त्यात गाठ आधी की हळद आधी, एवढं तरी पाहा.

पेटंट : आपण जिंकलो, पण नक्की काय?

काकूंच्या मोबाईलवर "अमेरिकेनं मान्य केलं" असं होतं. त्यामागची गोष्ट ही.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या नावे एक पेटंट मंजूर झालं : जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक झाले. १९९६ मध्ये सीएसआयआरनं या पेटंटला आव्हान दिलं. हा वापर नवा नाही, हे दाखवायला ३२ संदर्भ सादर केले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांमधले उल्लेख होते आणि १९५३ सालच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्याकडे "हळदीघाटीची दुसरी लढाई" म्हणून याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

पण निकाल कशाचा होता? "ही गोष्ट नवी नाही" एवढाच. हळद *काम करते का* हा प्रश्न तिथे मुख्य नव्हताच. आणि कॅन्सरचा तर त्यात संबंधही नव्हता, विषय जखमेचा होता. पेटंट कार्यालय जुनं-नवं ठरवतं, औषध ठरवत नाही. वादात जिंकल्याचा आनंद आणि औषध सापडल्याचा आनंद, हे दोन्ही आपण एकाच ताटात वाढून घेतले. अजून घेतोय.

रक्तात पोचतं किती?

आता वही काढा, गणित करूया. एकच उदाहरण, पण ते नीट कळलं तर पुढचे शंभर निबंध तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल.

काचेतल्या प्रयोगात कर्क्युमिनची मात्रा साधारण १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त असते. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. म्हणजे १० मायक्रोमोलर = एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३,६८० नॅनोग्रॅम.

२००८ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २५ रुग्ण, रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे. रक्तात ते मिळालं किती? मिलिलिटरमागे २२ ते ४१ नॅनोग्रॅम. भागाकार करा. काचेत जेवढं टाकलं होतं त्याच्या सुमारे नव्वदाव्या ते एकशे सत्तराव्या भागाएवढं.

आता उलटं गणित. हळदीच्या पुडीत वजनानं साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं. ८ ग्रॅम कर्क्युमिन हवं तर रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. आपल्या आमटीत पडते अर्धा चमचा!

आणि हे ८ ग्रॅम घेऊन झालं काय? एका रुग्णाचा आजार दीड वर्षाहून जास्त स्थिर राहिला, एकाची गाठ बरीच आकसली पण थोड्याच काळापुरती. बाकीच्यांत उल्लेख करण्यासारखं काही नाही.

असं का होतं? कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही. आतड्यातून थोडंच आत जातं. जे जातं त्याला आतड्याचं अस्तर आणि यकृत लगेच दुसरे रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात. यावर एक उपाय १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधून आला. २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट संयुग, दिल्यावर माणसांत शोषण २० पट वाढल्याचं त्यांना दिसलं. आज बाजारातल्या बहुतेक गोळ्यांत मिरी असते ती यामुळे. काकूंच्या बाटलीवरही होती.

पण मिरी हे करते कशी? यकृत आणि आतड्यातली, परके रेणू बाहेर काढणारी यंत्रणा ती मंद करते. आणि ही यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते, कितीतरी औषधं तिच्याच भरवशावर शरीराबाहेर जातात. केमोची मात्रा डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. तिथे बाजूनं कोणी गुपचूप नळ बंद करत असेल तर? आमटीतल्या चिमूटभर मिरीबद्दल मी बोलत नाहीये, गोळीतल्या मात्रेबद्दल बोलतेय. कर्क्युमिन-मिरीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

काकूंसाठी त्याहून महत्त्वाचा एक निबंध २००२ सालचा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर काम करणाऱ्या एका अमेरिकन गटाला दिसलं की, खाद्यातल्या कर्क्युमिनमुळे सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाचा परिणाम *कमी* झाला. कारण समजण्यासारखं आहे. केमोची काही औषधं पेशीत ऑक्सिडेशनचा ताण निर्माण करून तिला मारतात, आणि कर्क्युमिन तोच ताण शमवतं. याच्या उलट दाखवणारे प्राणिप्रयोगही आहेत. पण चार केमो शिल्लक असलेल्या माणसानं हा वाद स्वतःच्या शरीरावर सोडवायचा नसतो.

कागदांचा पूर

१९९५ साली एम. डी. अँडरसनमधल्या भरत अग्रवाल यांच्या गटानं दाखवलं की, कर्क्युमिन 'एनएफ-कप्पा-बी' नावाच्या प्रथिनाला सक्रिय होऊ देत नाही. दाह आणि कॅन्सर या दोन्हींत या प्रथिनाचा हात असतो. त्यानंतर निबंधांचा पूर आला. मग २०१२च्या सुमारास त्यांच्या निबंधांतल्या चित्रांवर प्रश्न उपस्थित झाले. २०१६ मध्ये एका नियतकालिकानं एकदम सात निबंध मागे घेतले, आणि पुढे एकूण संख्या तिसाच्या आसपास गेली. ते निबंध आधार धरून किती विद्यार्थ्यांनी प्रबंधाचे विषय ठरवले असतील, याचा विचार करा.

पण सगळा दोष खोट्या चित्रांवर टाकू नका. प्रामाणिक माणसालाही कर्क्युमिन फसवतं. का, ते तुम्हाला घरीच दिसेल. हळदीचा डाग साबणानं धुवायला गेलात की लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही त्याच गुणामुळे. म्हणजे हा रेणू रंगीत आहे, अस्थिर आहे, दिसेल त्याच्याशी प्रतिक्रिया करणारा आहे. शरीरासारख्या पीएचच्या साध्या द्रावणात ठेवलं तर त्यातलं बहुतेक कर्क्युमिन अर्ध्या तासात तुटतं. मग तुमच्या प्लेटमध्ये दोन दिवस जे काम करत होतं ते कर्क्युमिन होतं की त्याचे तुकडे? २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी एक मोठा आढावा लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, १२०हून जास्त क्लिनिकल चाचण्या झाल्या, पण रुग्णांवर नीट अंध पद्धतीनं, प्लासिबोशी तुलना करून यशस्वी ठरलेली एकही नाही. चाचण्यांना फसवणाऱ्या रेणूंच्या यादीत त्यांनी कर्क्युमिनला ठळक जागा दिली.

माझीही फजिती सांगते. पहिल्या वर्षी कांद्यातल्या क्वेर्सेटिनवर एमटीटी चाचणी करत होते. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा रंग करतात, जितका रंग तितक्या जिवंत पेशी. माझ्या आलेखात मात्रा वाढवत नेली की पेशी मरत होत्या, आणि सगळ्यात जास्त मात्रेला पुन्हा जिवंत होत होत्या! तीन आठवडे मी त्याचा अर्थ लावत बसले. शेवटी एका सीनियरनं विचारलं, "पेशी नसलेला खळगा घेतलायस का?" घेतला. पेशी नव्हत्या, तरी जांभळा. क्वेर्सेटिन स्वतःच एमटीटीचा रंग बदलत होतं. तीन आठवडे गेले ते एका रिकाम्या खळग्यामुळे.

पाच रुग्ण आणि चव्वेचाळीस रुग्ण

या सगळ्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता भाग हा.

एफएपी नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि पुढे त्यांचा कॅन्सर होतो. २००६ मध्ये डॉ. मार्सिया क्रूझ-कोरिया यांच्या गटानं अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन दिलं. साधारण सहा महिन्यांत पॉलिपची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी कमी झाली. प्रश्नही बरोबर निवडला होता : आतडं, जिथे संयुग थेट लागतं, रक्ताची वाट पाहावी लागत नाही. आपल्यापैकी कोणालाही असा निकाल मिळाला असता तर आपण आयुष्यभर त्यावर भाषणं दिली असती.

त्यांनी काय केलं? पुन्हा चाचणी केली. या वेळी ४४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवारी, एका गटाला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, एक वर्ष. २०१८ मध्ये निकाल छापला : दोन गटांत फरक नाही. आपलाच सुंदर निकाल आपणच तपासायचा आणि तो टिकला नाही तर तेही छापायचं. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

"खाण्यातलंच आहे, फायदा नाही झाला तरी तोटा काय?" हा काकूंचा पुढचा प्रश्न असतो, आणि तुमच्या व्हायव्हालाही येईल. त्याचं उत्तर गाजरात आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, मग बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहू, असा विचार १९८०च्या दशकात जोरात होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के *जास्त*. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी, १८,३१४ लोकांची, १९९६च्या जानेवारीत मध्येच थांबवावी लागली. तिथे बीटा-कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांत २८ टक्के जास्त. गाजर बदललं नव्हतं. गाजरातून एक रेणू काढून, त्याची मात्रा वाढवून, रोज देणं ही वेगळी गोष्ट ठरली.

मग वनस्पतीतून औषध मिळतच नाही का?

मिळतं की! आणि ते आमच्या चाळीच्या दारातच उभं आहे. सदाफुली.

जमैकात मधुमेहावर या झाडाच्या पानांचा चहा पीत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरनं काही पानं कॅनडाला पाठवली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, काही झालं नाही. टोचून दिला, तरी साखर कमी झाली नाही. पण उंदीर जंतुसंसर्गानं मरू लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दुसऱ्या कोणी वही बंद केली असती. त्यांनी विचार केला : पांढऱ्या पेशी घटवणारं काही असेल तर ते रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपयोगी पडेल. १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. पाठोपाठ त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टिन मिळालं, आणि १९६३ पासून ते अमेरिकेत औषध म्हणून वापरात आहे. मुलांच्या ल्युकेमियात आजही लागतं.

बघा, लोकांचा वापर मधुमेहाचा होता, औषध निघालं कॅन्सरचं. तोंडावाटे उपयोग झाला नाही, शिरेतून झाला. टनभर पानांतून हाती येतं ते काही ग्रॅम, आणि मात्रा चुकली तर तेच विष. म्हणून सदाफुलीची पानं चावून खाणाऱ्यांना मी हात जोडते.

मोहन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. आमच्याकडची एनआरसी कंपनी रेयॉन बनवायची. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्याचा धागा, शंभर टक्के झाडातून आलेला. पण त्या लगद्याचा धागा व्हायला कॉस्टिक सोडा लागायचा, कार्बन डायसल्फाइड लागायचं, गंधकाम्ल लागायचं. कंपनी बंद होऊन वर्षं झाली, पण तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा, "झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी" असं तो म्हणणार नाही.

आणि आज

फेब्रुवारी २०२४ मध्ये परळहूनच एक बातमी आली. द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबं, यांची १०० रुपयांत मिळू शकेल अशी गोळी. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाची कल्पना अशी : मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे तुकडे चांगल्या पेशींत शिरून बिघाड करतात, आणि रेस्व्हेराट्रॉल-तांब्याच्या जोडीतून तयार होणारे ऑक्सिजनचे तीव्र रेणू त्या तुकड्यांना नष्ट करतात. कल्पना धाडसी आहे आणि तपासून पाहण्यासारखी आहे. पण बातम्यांचे मथळे होते "कॅन्सर परत येणार नाही." त्याच बातमीत खाली लिहिलेलं होतं की दुष्परिणाम कमी होतात का हे माणसांत पाहिलं आहे, पण कॅन्सर परत येणं थांबतं का, हे फक्त प्राण्यांत, आणि माणसांतल्या चाचण्यांना सुमारे पाच वर्षं लागतील. बातमीचा तो शेवटचा परिच्छेद वाचणं, हे तुमचं आणि माझं काम.

तुमच्यासाठी

नॅचरल प्रॉडक्ट्सवर काम करायचं असेल तर जरूर करा. पण "अमुक पाल्याच्या अर्कानं तमुक पेशी मरतात" हा प्रश्न आता घेऊ नका. तो दरवाजा केव्हाच उघडलाय आणि त्यातून फार कमी लोक पुढे गेलेत. काम अडलंय ते पुढे. रक्तात किती पोचतं? पोचल्यावर त्याचं काय होतं? चालू औषधाबरोबर ते काय करतं? प्रतिबंध आणि उपचार यांतलं आपण नक्की काय तपासतोय?

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या आवडीच्या एखाद्या संयुगावरचे दहा निबंध घ्या आणि वहीत चार रकाने आखा : काच, प्राणी, माणसाच्या रक्तातली मात्रा, तुलनेचा गट असलेली रुग्णांची चाचणी. प्रत्येक निबंध कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. बहुधा पहिला रकाना गच्च भरेल आणि चौथा रिकामा राहील. तुमचा प्रश्न त्या रिकाम्या जागेच्या आसपास कुठेतरी आहे.

काकूंचं सांगायचं राहिलं. पुढच्या शनिवारी मी हेच चार रकाने त्यांच्याच किराणा यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आमटीत हळद घालू ना?" म्हटलं, घाला काकू, नेहमीसारखी घाला. बाटली त्यांनी डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत बंद ठेवायला सांगितली. पाचवी केमो झाली. सहावी पुढच्या आठवड्यात आहे.